मस्टर नसलेला दिवस

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा मी एकटीच मुंबई बघून आले. हसू नकोस. एकतीस वर्षं सीएसएमटीला उतरले, पण डोक्यात लेटमार्क सोडून दुसरं काही नसायचं. या खेपेला बाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि मागे वळून मान वर केली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह विलायतेचा, वाघ आपला. स्टीव्हन्ससाहेबाने १८७८ पासून दहा वर्षं खपून हे सगळं उभं केलं, आणि मी त्या वाघाकडे एकदाही बघितलं नव्हतं!

तिथून चालत हुतात्मा चौक. मशाल धरलेले शेतकरी-कामगार बघून तुझे आजोबा आठवले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा ते गर्दीत होते. "चपला तिथेच राहिल्या, मी घरी आलो," एवढंच सांगायचे. पुढे कुणी विचारलं की पेपर उघडायचे.

आणि गंमत बघ, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या चढताना माझ्याच चपलेचा अंगठा तुटला. तीस पायऱ्या आहेत तिथे. मधेच अनवाणी बसून राहिले. दगड गार होता. समोर हॉर्निमन सर्कलची झाडं, मागे १८३३ चे ते जाडजूड खांब. अर्धा तास कुणी "चला, चला" म्हटलं नाही. मग चप्पल हातात घेऊन मोची शोधला. त्याने वीस रुपये घेतले आणि "आता चामड्याची घ्या" असा सल्ला फुकट दिला.

गेटवेला गेलेच नाही, रविवारची गर्दी तुला माहीत आहे. त्यापेक्षा ओव्हल मैदानावर डबा उघडला. (हो, डबा नेला होता. सवय.) समोर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले ते टॉवरला आईचं नाव द्यायचं या अटीवर. त्यांची आई आंधळी होती, सूर्यास्ताआधी जेवायची, तिला ठोक्यांवरून वेळ कळावी म्हणून हा खटाटोप, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण भेंडीची भाजी खाता खाता त्या बाईचा जरा हेवा वाटला.

तू टॉवर वगैरे बांधू नकोस. बुधवारी रात्री फोन कर, आणि बोलताना लॅपटॉपवर टाइप करू नकोस. मला टकटक ऐकू येते.

तुझी,
आई