लंडनच्या आधीची घासाघीस

महोदय,

मलेशियाच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त आपण छापलेला लेख आवडला, पण ‘मलायाला रक्त न सांडता स्वातंत्र्य मिळाले’ हे त्यातले विधान पटले नाही. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पीय भागाच्या, जंगलात १९४८ पासून कम्युनिस्टांचे सशस्त्र बंड चालू होते आणि त्यापायी लागलेली आणीबाणी उठायला १९६० उजाडले. मलायाचे नेते आणि पुढे पहिले पंतप्रधान झालेले तुंकू अब्दुल रहमान यांनी लंडनमधल्या स्वातंत्र्याच्या बोलण्यांत जे पदरात पाडून घेतले, त्याला या बंडाचाच मोठा हातभार लागला.

जुलै १९५५ च्या निवडणुकीत तुंकूंच्या आघाडीने ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. डिसेंबरअखेर बालिंग गावातल्या शाळेत ते बंडखोरांचे नेते चिन पेंग यांना भेटले. बोलणी फिसकटली. पण अंतर्गत सुरक्षा आणि संरक्षण निवडून आलेल्या सरकारच्या हाती आले, तर लढाई थांबवू, असे चिन पेंग म्हणाले आणि तुंकूंनी ते बरोबर हेरले. आता हे अधिकार द्यायला ब्रिटिशांनी नकार दिला असता, तर लढा चालू ठेवायला बंडखोरांना आयते कारण मिळाले असते!

मलायातल्या संस्थानांच्या सुलतानांचे चार आणि आघाडीचे चार प्रतिनिधी सिंगापूरहून कराचीपर्यंत एकाच जहाजाने गेले आणि आपसातले मतभेद त्यांनी वाटेतच मिटवले. त्यामुळे लंडनमध्ये फूट पाडायला जागाच उरली नाही. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी करार झाला. अंतर्गत सुरक्षेचे खाते मलायाकडे आले, स्वातंत्र्यासाठी ऑगस्ट १९५७ ठरला, तोही ‘शक्य झाल्यास’ अशी पाचर मारून. बाहेरच्या आक्रमणापासून संरक्षणासाठी ब्रिटिश फौजा मात्र राहिल्या, हेही लेखात यायला हवे होते.

खरी घासाघीस घरातच होती. चिनी आणि भारतीयांना नागरिकत्व, बदल्यात मलयांचे, म्हणजे तिथल्या मूळच्या समाजाचे, खास स्थान, असा तो सौदा. राज्यघटनेसाठी नेमलेल्या रीड आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक होते. मलयांच्या सवलतींचा १५ वर्षांनी फेरविचार व्हावा, अशी आयोगाची शिफारस होती. अंतिम घटनेत ती मुदत गळाली. रबरमळ्यांतल्या तमिळ मजुरांच्या वाट्याला या सौद्यातून काय आले, यावर लेखकाने सवडीने लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, सांगली