स्प्रिंगला दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या जुन्या रायफलींवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. 'काडतुसावरचा ठोका हलका पडत असेल तर जास्त जोराची स्प्रिंग बसवावी' हा त्यातला सल्ला मात्र खटकला. हाच उद्योग मी तरुणपणी केला होता, म्हणून लिहितो.

एका संग्राहकाची मार्टिनी-हेन्री माझ्याकडे आली होती. पाचातली तीन काडतुसं उडत नव्हती. या रायफलीला बाहेर ठोकणारा घोडा नसतो. काडतुसावर मार देणारी पिन आणि तिच्याभोवतीची स्प्रिंग दोन्ही ब्रीच ब्लॉकच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या, पोटात असतात. मी ब्लॉक नीट साफही न करता कडक स्प्रिंग घातली. दुसऱ्याच बाराला पिनने प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली दारू पेटवणारी टोपी, आरपार फोडला आणि गरम वायू मागे आला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. पिनचं टोक झिजून धारदार झालं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. टोक गोल आणि गुळगुळीतच हवं.

मग ब्लॉक पूर्ण उघडला. आत कित्येक वर्षांचं ग्रीस मेणासारखं गोठलेलं. पिन त्यातून रांगत पुढे जात होती, ठोका बसणार कुठून? रॉकेलने धुऊन, पुसून, तेलाचा नुसता हात फिरवला, नवी पिन घातली आणि जुनीच स्प्रिंग परत बसवली. ठोका खणखणीत पडू लागला.

तरीही अधूनमधून एखादं काडतूस रुसायचंच. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ओळीने मांडल्या तेव्हा उलगडा झाला: प्रायमर मागच्या बाजूने किंचित बाहेर आलेले. अशा कडेच्या काडतुसाचं चेंबरमधलं, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेतलं, बसणं बुडाच्या कडेवर ठरतं. नव्याने बनवलेल्या त्या पुंगळ्यांची कड पातळ होती. पिनचा मार बसला की काडतूस आधी पुढे सरकायचं आणि निम्मा जोर तिथेच जिरायचा. जाड कडेच्या पुंगळ्या घेतल्यावर तक्रार संपली. ब्रीच झिजली तरी लक्षण हेच दिसतं, म्हणून आधी पुंगळीची कड मोजावी आणि मगच रायफलीला हात लावावा. (काडतुसातली दारू काळीच, हे सांगायला नकोच.)

या रायफलीच्या नशिबी ही बदनामी जुनीच आहे. 1885 मध्ये सुदानात अबू क्लेआच्या लढाईत ती ऐन वेळी अडकली, पण घोळ मुख्यतः पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या पुंगळीचा होता. उष्णतेत आणि वाळूत ती चेंबरला चिकटून बसायची. पुढे अखंड ओढीव पितळेच्या पुंगळ्या आल्या.

पुढच्या भागात स्नायडर येणार असं लेखात म्हटलं आहे. ठासणीच्या एनफिल्डला मागून उघडणारी ब्रीच जोडून ती घडवली, 1866 सालची. तिचा घोडा बाहेर असतो आणि ब्रीच उजवीकडे कलंडते. पिन पुढेच अडकून प्रायमरमध्ये रुतली तर ब्रीच हलत नाही, आणि लोक हातोडी शोधतात. काडतूस न उडालेलं असेल तर तो घाव त्या पिनवरच जाऊन बार उडू शकतो. नळी सुरक्षित दिशेला धरून रायफल तशीच जाणत्या कारागिराच्या स्वाधीन करावी, एवढं त्या भागात ठळक छापाल का?

आपला,
एक निवृत्त फिटर