शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र : वर्गातल्या तक्रारी स्टेटसवर का जातात

माननीय शालेय शिक्षण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्यांच्या वागण्याने मेटाकुटीला आलेल्या शिक्षकांच्या पोस्ट आता सर्रास दिसतात. कुणी उत्तरपत्रिकेतल्या चुका व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवतो, कुणी वर्गात झोपलेल्या मुलाचा चेहरा धूसर करून फोटो टाकतो. आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर शिकवणारे शिक्षक आहोत. या पोस्ट थांबायलाच हव्यात, असे आमचे ठाम मत आहे. पण नुसत्या मनाईने त्या थांबणार नाहीत.

नाव लिहिले नाही म्हणजे ओळख लपली, हा समज इथे टिकत नाही. अठरा-वीस पटाच्या शाळेत ‘सहावीतला एक मुलगा’ म्हटले की वाडीला घर कळते. चेहरा धूसर केला तरी गणवेश, भिंतीवरचे शाळेचे नाव, वहीतले अक्षर आणि व्हिडिओतला आवाज राहतो. शिक्षकाकडे पालकांचे नंबर आणि पालकांकडे शिक्षकाचा नंबर सेव्ह असतो, त्यामुळे स्टेटस त्या मुलाच्या घरीही दिसते. २४ तासांनी स्टेटस जाते, स्क्रीनशॉट मात्र मुंबईतल्या चाकरमानी बापापर्यंत पोचतो. शिक्षकाने घरी फोन करायच्या आधीच मुलाने मार खाल्लेला असतो. मग पालक शाळेत येतात ते भांडायला, आणि मुलाबद्दल शांतपणे बोलायची वाट बंद होते.

शिवाय चार ओळींत कारण मावत नाही. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि वडील घरी असतात. बंदी उठली की ते पुन्हा बोटीवर जातात, आणि काही मुलांचे वागणे नेमके तेव्हा बिघडते. पहाटे बंदरावर मासळी निवडायला गेलेली मुलगी तिसऱ्या तासिकेला झोपते. आंबा बागेच्या राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलाला मराठी सूचना कळत नाही, म्हणून तो उद्धट ठरतो. पोस्टमध्ये यातले काहीच येत नाही, फक्त विशेषण येते.

तरी शिक्षक लिहितात, कारण दुसरीकडे कुणी ऐकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई केली. ते योग्यच आहे आणि आम्ही त्याच्या पूर्ण बाजूने आहोत. पण शिक्षा करायची नाही तर बाक उलथवणाऱ्या मुलापुढे त्या क्षणी काय करायचे, याचा सराव कुणी करून घेतला नाही. दोन शिक्षकांकडे चार-पाच इयत्ता असतात. त्यांतला एक पोषण आहाराच्या किंवा यू-डायसच्या (शाळेची माहिती सरकारला ऑनलाइन भरून देण्याच्या) नोंदीत अडकला, की दुसऱ्यावर सगळी शाळा येते. वर अर्ज केला तर ‘आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी’ असा शेरा मारून तो परत येतो. त्या संध्याकाळी स्टेटस लिहिले जाते.

सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत शासन निर्णय काढला. शिक्षकांसाठी त्याला जोडून एक छोटे, स्पष्ट परिपत्रक काढावे. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम २३ पीडित बालकाची शाळा आणि शेजार यांनाही ओळखीचा भाग मानते. तोच निकष वर्गातल्या साध्या वर्तनाला लावावा. म्हणजे फोटो, आवाज, हस्ताक्षर, उत्तरपत्रिका, इयत्तेसह वर्णन यांतले काहीही खासगी खात्यावर जाऊ नये.

त्याच परिपत्रकात बोलायला जागाही द्यावी. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अर्धा तास वर्गातल्या अडचणींसाठी राखावा. फोन बाहेर, मुलाचे नाव नाही, इतिवृत्तात तपशील नाही. ज्याची अडचण आहे त्याने आधी पूर्ण सांगावे, मग इतरांनी प्रश्न विचारावेत आणि सल्ला शेवटी द्यावा. सल्ला आधी सुरू झाला की सांगणारा गप्प होतो, इथेच सर्वांत जास्त बिघडते. इथे मांडलेली अडचण शिक्षकाच्या गोपनीय अहवालात उतरणार नाही, हे लेखी हवे. नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही.

शाळेत वर्तन नोंदपत्रक असावे, एका घटनेला एक पान: तारीख, तासिका, आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, शिक्षकाने काय केले, मग काय झाले. ‘उद्धटपणा’ लिहू नये, ‘वही फेकली, वर्गाबाहेर गेला’ असे लिहावे. दोन-तीन आठवड्यांची पाने शेजारी ठेवली की तीच तासिका, तोच वार किंवा तोच शेजारी दिसू लागतो आणि पुष्कळदा बाक बदलूनही काम भागते. पाने मुख्याध्यापकांच्या कुलपात राहावीत, शाळेच्या दाखल्यावर त्यांचा उल्लेख नको. अत्याचाराची शंका आली तर मात्र नोंदी आणि चर्चा करत बसायचे नाही. पोलिसांना लगेच कळवणे पोक्सोच्या कलम १९ ने बंधनकारक आहे, आणि मदतीला १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

तालुक्याला किमान एक पूर्णवेळ समुपदेशक नेमावा आणि प्रत्येक केंद्रात त्याचा महिन्यातला एक दिवस ठरलेला असावा. अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर मिळावे आणि त्या उत्तरात कोण, कधी येणार हे लिहिलेले असावे. पैशांची अडचण असेल तर किनाऱ्यावरच्या एकाच तालुक्यात एक वर्ष करून पाहावे. नोंदपत्रकाचा नमुना आम्ही विनामोबदला तयार करून देऊ. तो तपासायला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला सांगावे, एवढी विनंती.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग किनारपट्टीवरील काही शिक्षक