इलेक्शनला उभं राहण्याआधी आईचं एक लांबलचक पत्र

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास की या वेळी वॉर्डातून उभं राहायचं जवळपास नक्की केलंय, आणि मी गप्प बसले म्हणून तुला वाटलं असेल आई रागावली. रागावले नव्हते रे. नातू नुकता मांडीवर झोपला होता आणि तुझा तो शेवटचा प्रश्न डोक्यात अडकून बसला, की आपल्या ख्रिस्ती माणसाला आपल्या गावांबाहेरचे लोक मत देतील का. मला फोनवर धड बोलता येत नाही हे तुला माहितीये, ३० वर्षं कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात गेली, स्वतःचं बोलायची सवयच राहिली नाही. म्हणून आता रात्री सगळे झोपल्यावर ताईच्या लॅपटॉपवर टाईप करत बसलेय.

इथे कॅनडात हॅलिफॅक्सला दर रविवारी मी सेंट मेरीज बॅसिलिकात मिस्साला जाते. तिथून थोडं चालत गेलं की होली क्रॉस नावाची जुनी सिमेटरी लागते, आत एक छोटं चॅपल आहे, ते म्हणे १८४३ साली लोकांनी एका दिवसात उभारलं, सकाळी सुरू आणि संध्याकाळी बांधून तयार (आपल्याकडे कंपाउंडच्या भिंतीला चार महिने लागले, ते सोड). त्याच सिमेटरीत एका वकिलाचं थडगं आहे, जॉन थॉम्पसन. कॅनडाचा पहिला कॅथलिक पंतप्रधान. ताईने लायब्ररीतून त्याच्यावर काय काय आणून दिलं आणि मी गेले दोन आठवडे तेच वाचतेय, जावई हसतो मला. पण वाचायला लागले ते पंतप्रधान म्हणून नाही, तो माझ्या जातीचा निघाला म्हणून. म्हणजे स्टेनो!

खरंच. त्याच्या वडिलांना शॉर्टहँड यायचं, पोरालाही आलं, आणि वकिली नवीन असताना तो नोव्हा स्कोशियाच्या, म्हणजे इथल्या प्रांताच्या, विधानसभेतली भाषणं उतरवून घ्यायचं काम करायचा. १८४५ चा जन्म, इथल्याच मेथॉडिस्ट घरातला, २० पूर्ण व्हायच्या आत सनद मिळाली पण अशील कुठून येणार, तुझी पहिली दोन वर्षं आठव. मग त्याचं ॲनी ॲफ्लेक नावाच्या मुलीवर प्रेम बसलं, ती आयरिश कॅथलिक, तिच्या घरी हे पसंत नाही. तर या पठ्ठ्याने काय केलं, तिला शॉर्टहँड शिकवलं, आणि दोघांची पत्रं त्या रेघोट्यांमध्ये जायला लागली, घरच्यांच्या हाती लागली तरी वाचता येणार नाहीत अशी. मी हे वाचून इतकी हसले की बाळ जागं झालं. तुझ्या पप्पांवरचा राग मी शॉर्टहँडच्या वहीत लिहून ठेवायचे हे तुला आता सांगायला हरकत नाही, त्यांना वाटायचं किराण्याची यादी आहे.

१८७० ला लग्न झालं, तेही गावात नाही, सरहद्दीपलीकडे अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडला जाऊन. नवरा प्रोटेस्टंट, बायको कॅथलिक, बिशपची खास परवानगी घेऊन. आणि पुढच्या वर्षी, १८७१ ला, तो स्वतः कॅथलिक झाला. लग्नाआधी नाही, नंतर. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण लग्नासाठी झाला असता तर एकदाच चर्चा होऊन संपलं असतं, पण त्याने सगळं पदरात पडल्यावर, कुणी मागितलेलं नसताना केलं. अशील तोडून जातील ही भीती डोक्यावर होतीच, तेव्हाचं हॅलिफॅक्स म्हणजे प्रोटेस्टंट वेगळे कॅथलिक वेगळे असा कारभार. मला आपलं वाटतं की हातात शॉर्टहँड होतं म्हणून त्याला एवढं धाडस झालं असेल, वकिली बसली तरी पोट भरता आलं असतं. पण अशील काही फार गेले नाहीत. उलट त्याच वर्षी तो नगरपालिकेत निवडून आला आणि नंतर शाळा बोर्डाचा अध्यक्षही झाला, तेही धर्मावरून शाळांची भांडणं जोरात असतानाच्या काळात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. १८७७ ला तो विधानसभेच्या पोटनिवडणुकीला उभा राहिला ते अँटिगोनिशमधून. ते याचं गाव नव्हे, पण कॅथलिकांची वस्ती मोठी, आणि तिथले बिशप कॅमेरॉन पाठीशी. म्हणजे तू विचारतोस त्याचं उत्तर त्यानेही सरळ दिलं नाही, सेफ जागा बघितली. निवडून आला. पण नंतर ते प्रकरण त्याला कधीच सुटलं नाही, पुढेही तो त्याच मतदारसंघातून उभा राहायचा आणि बिशप त्याच्यासाठी जाहीरपणे उभे राहायचे, की विरोधक बोंब मारायला मोकळे, हा बिशपचा माणूस. माणूस स्वतःच्या डोक्याने चालणारा होता पण सांगणार कुणाला. तेव्हा तू जे हळूच म्हणालास ना की फादरांशी बोलून ठेवलंय, ते मला आवडलं नाही. फादरांचे आशीर्वाद घे, घरी जेवायला बोलव, स्टेजवर बसवू नको. मिस्साच्या नंतर गेटवर पत्रकं वाटायला पोरं उभी करू नको. आपली ४०० मतं त्याने पक्की होतील आणि बाहेरची कायमची जातील, आणि उद्या तू गटारीसाठी भांडलास तरी लोक म्हणतील चर्चने पाठवलाय.

मग १८७८ ला त्याच्या पक्षाचं सरकार आलं आणि हा प्रांताचा अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील. इथे तुझ्या कामाची गोष्ट आहे, नीट वाच. १८७९ ला त्याने एक कायदा आणला, की प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, लोकांनी निवडलेली कौन्सिल असेल आणि रस्ते, पूल तीच बघेल. ऐकायला किती चांगलं, लोकांच्या हातात कारभार. पण गावकऱ्यांना त्यातलं एकच कळलं, की आत्तापर्यंत रस्त्याला पैसे वरून यायचे, आता आपल्या खिशातून टॅक्स जाणार. लोक भडकले. तुला आपल्याकडचं आठवतं ना, २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गावं वगळा म्हणून केवढं आंदोलन पेटलं, तू तेव्हा कॉलेजात होतास आणि मोर्चाला गेला होतास, मी ऑफिसात खोटं सांगून तुझ्यासाठी डबा घेऊन आले होते. मोर्चात चालणं सोपं होतं रे. आता तू ज्या खुर्चीवर बसायला निघालायस तिथे घरपट्टीची बिलं तुझ्या नावाने ओळखली जाणार.

१८८२ च्या मे महिन्यात आधीचे प्रीमियर बाजूला झाले आणि थॉम्पसन प्रीमियर झाला. आपल्याकडचा मुख्यमंत्री समज. जूनमध्ये निवडणूक, पक्ष हरला, जुलैत राजीनामा. ५४ दिवस! आपल्याकडे एवढ्यात बंगल्याचं रंगकाम होत नाही.

आणि मग जे झालं ते वाचताना मला त्याचा हेवा वाटला. वय ३६ आणि नोव्हा स्कोशियाच्या सुप्रीम कोर्टात जज. मी इतके जज बघितले, डिक्टेशन घेताना कळतं कुणाला त्या खुर्चीत बसायला आवडतं आणि कुणाचं लक्ष घड्याळाकडे आहे. याला आवडायचं. निकाल लिहायचा, १८८३ ला डलहौसी युनिव्हर्सिटीत लॉ स्कूल सुरू करायला मदत केली, तिथे स्वतः शिकवायचा. ते लॉ स्कूल अजून आहे, आम्ही बाबागाडी घेऊन तिथूनच जातो. तीन वर्षं असा सुखात होता माणूस. आणि १८८५ ला पंतप्रधान मॅकडोनाल्डनी दिल्लीला, म्हणजे ओटावाला, बोलावलं, कायदामंत्री हो म्हणून. त्याचं मन नव्हतं. ॲनीने रेटलं असं लिहिलंय. बायकोने. यावरून मला तुमच्या घरातलं काहीतरी आठवलं, जास्त बोलत नाही, सूनबाईला हे पत्र दाखवलंस तर हा परिच्छेद सोडून दाखव.

पुढचं पटापट सांगते. गेल्या गेल्या लुई रिएलची फाशी अंगावर आली, तो मेटी लोकांचा, म्हणजे तिथले मूळ रहिवासी आणि युरोपियन यांच्या मिश्र वंशाच्या लोकांचा, बंडखोर पुढारी, जन्माने कॅथलिक, नोव्हेंबर १८८५ ला फासावर दिला. क्यूबेक, म्हणजे फ्रेंच कॅथलिकांचा प्रांत, पेटलं, आणि १८८६ ला संसदेत त्या फाशीची बाजू मांडायला उभा कोण, तर हा कॅथलिक. तीन वर्षांनी नेमकं उलट, क्यूबेकने जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाला जुन्या मालमत्तेची भरपाई द्यायचा कायदा केला, प्रोटेस्टंट म्हणाले रद्द करा, हा म्हणाला प्रांताचा अधिकार आहे, आपण हात घालायचा नाही. मतदान झालं तर १८८ विरुद्ध १३. पण शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या, आधी कॅथलिकांच्या मग प्रोटेस्टंटांच्या, आणि दोन्ही वेळा तो बोलत होता फक्त कायद्याचं. तरी १८९१ ला मॅकडोनाल्ड वारले आणि पंतप्रधानपद समोर आलं तेव्हा हाच म्हणाला मी नको, धर्म बदललेला माणूस ओंटारियोला, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या मोठ्या प्रांताला, चालणार नाही. दुसऱ्याला बसवलं, त्याची तब्येत ढासळली, तेव्हा डिसेंबर १८९२ ला हा झाला.

एक तुझ्या धंद्यातली गंमत. कॅनडाचा क्रिमिनल कोड याने आणला, लागू झाला १ जुलै १८९३ ला, आणि तुम्ही लोक ज्या भारतीय न्याय संहितेच्या नावाने बोटं मोडता ती पण १ जुलैलाच आली, २०२४ ला. अजून पुढे ऐक, त्या कॅनडाच्या कोडमागे जो इंग्लंडचा मसुदा होता त्यात मोठा हात जेम्स स्टीफनचा, आणि आपला १८७२ चा पुरावा कायदा लिहिणारा पण तोच. म्हणजे मी जन्मभर ज्या कलमांचं डिक्टेशन घेतलं ती लिहिणाऱ्याचंच काम इथेही पोचलेलं.

१२ डिसेंबर १८९४ ला इंग्लंडला विंडसर राजवाड्यात राणीच्या प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे तिच्या सल्लागार मंडळाची, शपथ घेतली, जेवायला बसला, चक्कर आली, सावरला, आणि तिथेच गेला. ४९ वर्षांचा. ब्रिटिश नौदलाच्या जहाजाला काळा रंग देऊन त्यातून शव हॅलिफॅक्सला आणलं, ३ जानेवारीला इथे पुरलं. एवढा थाटमाट, आणि मागे पैसे एवढे थोडे की ॲनी आणि पोरांसाठी वर्गणी गोळा करावी लागली. इतकी वर्षं मंत्री आणि खिसा रिकामा. हे वाचून मला बरं वाटलं आणि धडकीही भरली.

तू उभा राहा. मी नाही म्हणत नाहीये, म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस. पण वसईचं ऑफिस बंद करून नाही, ज्युनियरवर सगळं टाकून नाही. हातातल्या केसेसच्या तारखा स्वतः घे, निदान ज्यांनी फी दिलीय त्यांच्या. थॉम्पसन हरला तेव्हा त्याच्यासाठी कोर्ट होतं, तुला जज कुणी करणार नाहीये.

मी २२ तारखेला येते. कपाटाच्या वरच्या खणात माझ्या शॉर्टहँडच्या वह्या आहेत, साफसफाईच्या नादात रद्दीत देऊ नको, आणि वाचता येत नाही म्हणून कुणाला दाखवूही नको. अर्ज भरायची तारीख त्याआधी आली तर फोन कर, रात्री कितीही वाजता. उमेदवारीच्या अॅफिडेव्हिटमध्ये वाडीची जमीन कशी दाखवायची, पप्पांच्या नावचा हिस्सा कसा लिहायचा, ते मी बघेन. मी वाचल्याशिवाय सही करायची नाही.

विहिरीची मोटर दुरुस्त केलीस का?

आई