आकडा आला, पुढे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासण्याच्या शिबिरांबद्दल आपल्या अंकात वाचलं. रक्त तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून चार शब्द.

अशाच एका शिबिरात मी मदतीला होते. एका मुलाचा आकडा आला १९०. पोराचा चेहरा पडला, मागची रांग कुजबुजू लागली. त्याचे हात पाहिले तर बोटं चिकट. नुकतंच फळ सोलून खाल्लं होतं. हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटावर घेतलं तर १०८. तोवर वर्गाने त्याचं नाव ‘शुगर’ ठेवून टाकलं होतं.

हात स्वच्छ असले तरी यंत्राला मर्यादा आहेतच. १०० च्या पुढच्या आकड्यांत १५ टक्के इकडेतिकडे होणं ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकालाच मान्य आहे. उपाशीपोटी खरी साखर १२० असली तर यंत्र १०५ ही दाखवेल, १३५ ही. आणि मधुमेहाची रेषा आहे १२६! म्हणून निदान शिरेतल्या रक्तावरच व्हावं, आणि लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर नव्हे.

मला खरी धास्ती वाटते ती ‘नॉर्मल’च्या चिठ्ठीची. टाइप २ मधुमेह मुलांमध्येही बरेचदा गुपचूप येतो. भर दुपारी घेतलेला ११५ चा आकडा पाहून आईवडील निर्धास्त होतात. उपाशीपोटीची किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी) तपासणी कदाचित वेगळं सांगेल.

सगळा वर्ग टोचत सुटण्यापेक्षा आधी मुलांकडे बघा. वजन जास्त, घरात टाइप २, आईला गरोदरपणी मधुमेह, रक्तदाब, मुलींमध्ये पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड. मानेवरची काळपट, जाडसर कातडी तर आई मळ समजून घासत बसते. वजनाच्या जोडीला यातलं एखादं लक्षण असेल, तर दहाव्या वर्षापासून, किंवा त्याआधी वयात आल्यास तेव्हापासून, तपासणी करावी असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते.

मूल घटाघटा पाणी पितंय, रात्री लघवीला उठतंय, काही आठवड्यांत वाळलंय, असं असेल तर मात्र त्याच क्षणी बोट टोचा. हा टाइप १ असू शकतो. आकडा मोठा आला तर तडक हॉस्पिटल गाठा; उद्यावर टाकलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि सुई दर मुलाला नवी. टोचायचं पेनसुद्धा एकच फिरवू नये, त्यातून हेपटायटिस बी पसरल्याची उदाहरणं आहेत.

आमच्या त्या शिबिराच्या वहीत नाव, वर्ग आणि आकडा एवढेच रकाने होते. शेवटचं कधी खाल्लं, पालकांचा फोन कोणता, याला जागाच नव्हती. ज्यांचे आकडे जास्त आले त्यांना पुन्हा बोलावलं का, असं मी महिन्याभराने विचारलं. वही कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन