नाईक यशवंत घाडगे दालन : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

माणगावच्या तहसील कचेरीतला पुतळा सगळ्यांच्या ओळखीचा. पण पदक कशाबद्दल, असे विचारले की मुले गप्प, आणि मोठेही! म्हणूनच वाचनालयात हे दालन.

१० जुलै १९४४, इटलीतले टायबर खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधल्या या पळसगावच्या नाईकाच्या (नाईक हा लष्करी हुद्दा) सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुटली. ते सोडून सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटे धावले, हातबाँबने गन आणि गनर उडवला, टॉमीगनने आणखी एक टिपला. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. नळीकडून गन धरून दस्त्यानेच उरलेले दोघे संपवले. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत. जिंकलेल्या ठाण्यातच प्राण गेला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक, मरणोत्तर.

आजवर जमले ते आपल्या माणसांमुळे. मुंबईकरांनी गणपतीत येऊन खोलीला रंग दिला, दिव्यांचे वायरिंग स्वतः केले, चहाचे पैसेही घेतले नाहीत. माहेरवाशिणींनी हळदीकुंकवाच्या खर्चातून पहिले दोन फलक दिले. माजी सैनिकांनी मजकुरातली हुद्द्यांची एकेक चूक काढली. त्यांचे ऋण मोठे. सत्काराच्या दिवशी मंचावर दाटी होती, पावतीपुस्तके मात्र बरीच कोरी परत आली, हेही लिहावेसे वाटते.

आधीचे फलक सनबोर्डचे (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचे) होते. पावसाळ्यात कडा फुगल्या, व्हिनाइल सुटले. आता ३ मिमी एसीपीवर (ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर), ४ बाय ३ फुटांचे ६ फलक, प्रत्येकी ३,०००. काचेची पेटी २४,०००. एकूण ४२,०००, जमा १५,५००, हवेत २६,५००. छपाईला आठ दिवस लागतात, तेव्हा रक्कम जूनअखेर द्यावी, १० जुलैला दालन उघडायचे आहे.

घरात दुसऱ्या महायुद्धातली पदके, डिस्चार्ज बुक, फोटो असतील तर पेटीसाठी उसने द्या. इटलीतल्या लढाईचे पदक, इटली स्टार, ओळखायचा तो फितीवरून : लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. पदके ब्रासोने घासू नका, अक्षरे झिजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमटपणाने हिरवा गंज चढतो. कोऱ्या सुती कापडात गुंडाळा. फोटो लॅमिनेट करू नका, नंतर सोडवता येत नाही. कागदपत्रे स्कॅन करून त्याच दिवशी परत. पेटीत ओल शोषणारे सिलिका जेल राहील. निळे खडे गुलाबी झाले की तापवून परत घालायचे, हे काम करायला दोन पोरे हवीत. पैसे भरायचा क्यूआर वाचनालयाच्या दारावर आहे, वेळ संध्याकाळी ५ ते ७, सोमवारी बंद. पावतीशिवाय कुणाच्याही हाती रोख देऊ नये.

आपला,
सचिव