लहान मुलांचा तीव्र इसब आणि मलमाची भीती

माननीय संपादक महोदय,

लहान मुलांच्या तीव्र इसबाविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या स्तंभातून थोडे सविस्तर लिहिण्याची अनुमती असावी. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला अगदी तान्हेपणीच हा विकार जडला. तेव्हापासून दवाखान्यात भेटणाऱ्या इतर आईवडिलांशी बोलताना मला सतत जाणवत आले आहे की, या मुलांचे हाल औषध मिळत नाही म्हणून होतात त्याहून अधिक औषधाच्या धास्तीने होतात. डॉक्टरांनी दाह कमी करणारे स्टेरॉइडचे मलम लिहून दिलेले असते, ते घरात आणलेलेही असते. पण लावले जाते ते घाबरत घाबरत, बोटाला जेमतेम लागेल इतके, आणि लाली जरा उतरली की दुसऱ्या दिवशी थांबवले जाते. चार दिवसांत कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागे कातडी पुन्हा लाल होते, लस येऊ लागते आणि 'औषधाचा गुण येत नाही' असा निष्कर्ष निघतो.

स्टेरॉइडची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. तीव्र शक्तीचे मलम चेहऱ्यावर किंवा जांघेत महिनोन्‌महिने देखरेखीशिवाय लावले, तर त्वचा पातळ होते, हे खरेच आहे. मात्र या मलमांच्या शक्तीच्या पायऱ्या असतात. चेहऱ्यासाठी सौम्य आणि हातापायांवरच्या जाड चट्ट्यांसाठी मध्यम अशी निवड डॉक्टर वय, जागा आणि आजाराचा जोर पाहून करतात. चिठ्ठीवर 'पातळ थर लावा' एवढेच लिहिलेले असते आणि पातळ म्हणजे किती, हे प्रत्येक जण आपल्या भीतीच्या मापाने ठरवतो. वास्तविक याचे साधे माप उपलब्ध आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या, बोटे धरून, जागेला ते पुरते. हे सांगायला एक मिनिटही लागत नाही. ज्या मुलांचा इसब पुन्हा पुन्हा उसळतो, त्यांना त्वचा साफ झाल्यानंतरही नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस मलम लावत राहायला सांगितले जाते. त्यामागचे कारण समजावून दिले नाही, तर कोणतेही पालक साफ दिसणाऱ्या कातडीला औषध लावायला धजणार नाहीत.

मॉइश्चरायझरच्या बाबतीतही तेच. त्याला सौंदर्यप्रसाधन समजून चिमूटभर लावण्याची सवय फार खोल आहे. त्वचेचा वरचा थर घट्ट राखणारे फिलाग्रिन नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या जनुकातील दोषांचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिला. ज्या मुलांत हा थर कच्चा असतो, त्यांच्या त्वचेतून पाणी उडून जाते, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात, दाह होतो, खाज सुटते, खाजवल्याने थर आणखी फाटतो आणि त्या जखमांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू ठाण मांडतो. म्हणूनच ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर देण्यास सांगितले आहे. ज्या घरात एक लहानशी बाटली दोन महिने पुरवली जाते, तिथे उपचार खऱ्या अर्थाने सुरूच झालेला नसतो.

आणि रात्र. या आजाराचे खरे ओझे रात्री कळते, कारण खाज रात्री वाढते. मूल झोपेतच पाय पायावर घासते, मानेवर ओरबाडते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात आणि दिवसभर ते चिडचिडे राहिले की नातेवाईक त्याला हट्टी ठरवतात. 'खाजवू नकोस' असे या वयाच्या मुलाला सांगण्यात काही अर्थ नाही. त्याच्या हातात ते नसतेच. नखे बारीक कापणे, खोली थंड ठेवणे, मऊ सुती कपडे घालणे आणि डॉक्टरांनी शिकवले असल्यास ओलसर पट्ट्या गुंडाळणे यांनी काही तास तरी शांत जातात. झोप आणणारी खाजेची औषधे मात्र फारशी उपयोगी ठरत नाहीत, कारण ती ज्याला रोखतात, त्या हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाचा या खाजेत वाटा मुख्य नसतो. आईवडिलांपैकी एकानेच रोज जागरण केले तर घर कोलमडते. ज्या आप्तांना खरोखर मदत करायची आहे, त्यांनी सल्ल्याऐवजी आठवड्यातली एक रात्र मागून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सल्ल्यांमध्ये दोन विशेष घातक आहेत. 'मलमाने रोग आत दबतो आणि मग दमा होतो' हा पहिला. इसब असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याची शक्यता अधिक असते, हे खरे; पण ती मुळातल्या प्रवृत्तीमुळे असते, मलमामुळे नाही. दुसरा सल्ला म्हणजे दूध, अंडी, गहू असे एकेक करून सारे बंद करणे. काही मुलांना अन्नाची ॲलर्जी खरोखरच असते, परंतु ती तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी लागते. नाहीतर वाढीच्या वयात मुलाचे पोषण खालावते. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर वैद्यकीय देखरेखीखाली शेंगदाणा लवकर सुरू केलेल्या मुलांत त्याच्या ॲलर्जीचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. इसब संसर्गजन्य नाही, हेही इथे सांगायला हवे, कारण खेळायला आलेल्या मुलांना हात धरून दूर नेणारे पालक मी पाहिले आहेत.

'मोठी झाली की जाईल' हा दिलासा अनेकांच्या बाबतीत खरा ठरतो, सर्वांच्या नाही. आणि मधली वर्षेही त्या मुलाचीच असतात. मलमांना दाद न देणाऱ्या इसबासाठी आता डुपिलुमॅबसारखी इंजेक्शने आहेत आणि अमेरिकेत जून २०२२ मध्ये डुपिलुमॅबला सहा महिन्यांच्या बाळांपासून मान्यता मिळाली. तेव्हा त्रास आटोक्यात येत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना पुढच्या पायरीविषयी स्पष्ट विचारावे.

डॉक्टरांनी प्रत्येक पालकाला एक पानी लेखी आराखडा द्यावा, अशी माझी मागणी आहे. कोणते मलम कुठे, किती, किती दिवस, आणि उसळी आली तर काय करायचे, एवढे त्यात असले तरी पुरे. आपल्याकडून, संपादक महोदय, दोन अपेक्षा आहेत. 'इसब मुळापासून बरा' असे सांगणाऱ्या जाहिराती आपण नाकाराव्यात. घटकांची यादी न देणाऱ्या अशा काही 'वनस्पतीजन्य' मलमांच्या तपासणीत तीव्र स्टेरॉइड सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तसेच आपल्या आरोग्याच्या पानावर एक सूचना ठळकपणे छापावी. इसब असलेल्या मुलाच्या अंगावर एकाएकी एकसारख्या आकाराचे फोड किंवा कोरून काढल्यासारख्या जखमा पुंजक्याने उठल्या, सोबत ताप आला आणि मूल मलूल झाले, तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी घरचे उपाय करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

आपली नम्र,
एक वाचक आई